आक्काच्या कॉम्प्युटरचा दसरा

आक्काचा कॉम्प्युटर मी बिघडवला होता, आक्कानं नाही. हे वाक्य आज लिहायला काही त्रास होत नाही. पण त्या नवरात्रात ते माझ्या तोंडून वेळेवर निघालं नाही, आणि ते न निघाल्यामुळे माझ्या बहिणीचं जे नुकसान झालं ते भरून देता येण्यासारखं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं न्हाणं-धुणं, शाळेचा डबा, आजारपण सगळं तिनंच केलं. ती जुन्या जालन्यात धान्याच्या एका ठोक दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. खाली दिवसभर पोत्यांची चढउतार चालू असते, आणि गव्हाची धूळ जिन्यावरून तिच्या घरापर्यंत येते. भाऊजी कापडाच्या दुकानात मुनीम होते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन बंगळूरला गेली. मी बदनापूरला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे लोक पूर्वी विचारत, आता विचारत नाहीत.

आक्काला ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही, वर्षावर्षानं कमी होत गेलं. आता तिच्या कानाशी ओरडूनही उपयोग होत नाही, ती समोरच्याचे ओठ बघते. तोंड नीट उघडून, सावकाश, तिच्याकडे बघून बोललं तर तिला सगळं कळतं. दर रविवारी तिच्याशी असं बोलून मला तशीच सवय लागली. लॅबमध्येही मी तसाच बोलतो आणि मुलं माझ्या पाठीमागं नक्कल करतात, हे मला माहीत आहे. आठवड्यातले सहा दिवस मी कामापुरता बोलतो. खोलीवर आल्यावर कुणाशी बोलायचं नसतं. रविवारी पॅसेंजरनं जालन्याला जायचं, आक्काच्या हातचं जेवायचं, संध्याकाळी परत यायचं. माझी माणसं एवढीच.

आक्काच्या घरातला कॉम्प्युटर मीच जमवलेला होता. जुने सुटे भाग घेऊन उभा केला आणि त्यावर लिनक्स घातलं, कारण ते फुकट असतं, हलक्या यंत्रावर चालतं, व्हायरस लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या ओळखीत ते मला एकट्यालाच येत होतं. त्याचा मला अभिमान होता. पडदा मात्र मोठा आणला, कारण कारणच मोठं होतं. मोबाइलच्या पडद्यावर भाचीचं तोंड चिंचोक्याएवढं दिसायचं, आणि आक्काच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. एवढ्याशा तोंडावरचे ओठ तिला वाचता येत नसत. मोठ्या पडद्यावर मुलगी खरीखुरी समोर बसल्यासारखी दिसायची. रोज दिवेलागणीला फोन यायचा. पडद्यावर भाचीचा फोटो आणि खाली हिरवं वर्तुळ दिसलं की आक्का माऊस धरून बाण त्या वर्तुळात नेऊन दाबायची. हे शिकायला तिला पंधरा दिवस लागले. पहिल्यांदा जमलं तेव्हा ती मला म्हणाली होती, "बाबा, सुईत दोरा ओवल्यावानी हाय रे हे."

घरातलं इंटरनेट बिनतारी होतं, आणि कॉम्प्युटरला ते पकडण्यासाठी मागच्या बाजूला बोटभर लांबीचा एक तुकडा खोचलेला होता. त्याला डोंगल म्हणतात. तो नव्या बनावटीचा असल्यामुळे लिनक्सला त्याची ओळख नव्हती. मी दोन रविवार घालवले, मला जमलं नाही. मागच्या दिवाळीला भाची आली आणि तिनं तासाभरात त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला त्या तुकड्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, बाहेरून आणून बसवला.

"मामा, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "दर अपडेटला हे आपोआप नव्यानं जुळवून घेतं. त्याच्यासाठी मी अजून चार-दोन गोष्टी टाकल्यात. अनोळखी दिसतील. त्याला हात लावू नका."

"हो, हो," मी म्हणालो. माऊस कसा धरायचा हे ह्या मुलीला मी शिकवलं होतं. ती मला हात लावू नका म्हणत होती. मी हसलो, पण ते मला लागलं होतं.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. घरातलं एकूण एक भांडं, डबा, गोधडी, पडदा बाहेर काढायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि नको ते टाकून द्यायचं. घट बसायच्या आधीच्या रविवारी मी गेलो तेव्हा आक्का गच्चीवर गोधड्या वाळत घालत होती. मी पितळी डबे घासून दिले, माळ्यावरची जळमटं काढली. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या त्या डब्ब्याचा बी दसरा काढ की जरा. धूळ किती बसली बघ."

मी डबा उघडून धूळ फुंकली, पंखा पुसला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बसलोच आहे तर आतूनही साफ करू, असं मला वाटलं. डिस्क भरत आली होती. बसवलेल्या प्रोग्रॅमांची नावं बघत गेलो तर त्यात बरीच मला न कळणारी होती. ही भाचीची हे मला कळलं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण मी उभ्या केलेल्या यंत्रात मला न कळणाऱ्या गोष्टी बसल्या आहेत, दुसऱ्याची पेटी आपल्या घरात ठेवावी तशा, ही भावना त्या वेळी जास्त मोठी होती. दिवाळीला होतं ते काम झालं असेल, आता हे कशाला लागतं, असं स्वतःला सांगून मी ती एकेक काढून टाकली. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या जुन्या प्रतीही काढल्या. काही बिघडलं तर मागं जायला त्या ठेवतात, हे मी लॅबमध्ये मुलांना शिकवतो. मग साचलेले सगळे अपडेट चालवले, त्यात नवा गाभा आला, तेव्हा होता तोही जुना म्हणून काढला. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, असा निरोप आला. माझी गाडीची वेळ झाली होती. मी तसाच निघालो.

त्या संध्याकाळी आक्काचं आणि भाचीचं बोलणं झालं. पुढचे काही दिवसही झालं. चालू यंत्र जुन्या गाभ्यावरच चालत राहतं, बंद होईपर्यंत त्याला नव्याचा पत्ता नसतो. त्यामुळे मलाही काही कळलं नाही.

भाचीला तेव्हा दिवस गेलेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई करून तिला पडून राहायला सांगितलं होतं. आक्का दसरा झाला की बंगळूरला जाणार होती. त्याआधी जाता येत नव्हतं, कारण ती घटी बसते. घरात दुसरं कुणी नाही. नऊ दिवस अखंड दिवा जपायचा आणि उंबरा ओलांडायचा नाही, हे तिनं सासरी आल्यापासून कधी मोडलं नाही. म्हणजे त्या नऊ दिवसांत तो पडदा एवढाच तिचा मुलीकडे जायचा रस्ता होता.

दुसऱ्या माळेला दुपारी लाईट गेली.

संध्याकाळी लॅबला कुलूप लावत होतो, तेव्हा आक्काच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. आक्काचं फोनवर बोलणं असंच असायचं. ती बोलायची, मग फोन वहिनींच्या कानाला जायचा, आणि वहिनी माझं बोलणं ओठांनी तिला सांगायच्या. आधी आक्काचा आवाज आला.

"अरे बाबा, लाईट गेल्ती. आली, मंग म्या चालू केलं. समदं दिसून राह्यलं, पर पोरीचा फोन येईना. वर ते पंख्यावानी चित्र असतं ना, त्याच्यावर फुली हाय."

मी दमलेलो होतो. सबब म्हणून नाही, होतं ते सांगतो. मी म्हणालो, "वहिनी, तिला विचारा, काय दाबलं तिनं?"

वहिनी तिकडं म्हणाल्या, एकेक अक्षर सुटं करून, "आक्का, तुम्ही काय दाबलं, म्हणून विचारून राह्यलेत." मी ते ऐकलं. माझ्या तोंडात ते जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं परक्याच्या तोंडून वाटलं. मग आक्का लांबूनच म्हणाली, "म्या तर काही न्हाई दाबलं. रोजच्यावानीच केलं." आणि पुन्हा, जरा हळू, "लागला असंल हात कुठं."

"आता हात लावू नको म्हणा. मी रविवारी येतो," मी म्हणालो.

रविवारी गेलो तेव्हा भाचीला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप येऊन गेला होता. काळजीचं काही नाही, नुसतं लक्ष ठेवायला. वहिनींनी आपल्या मोबाइलवर तिला दाखवायचा प्रयत्नही केला होता. आक्का मला म्हणाली, "दिसती रे ती, पर पांढरी पांढरी. बोलली काय ते न्हाई कळलं. बरी हाय म्हनती, असं शेजारणीनं सांगितलं." घटासमोर माती ओली होती, दिवा चालू होता. चटईवर तिची घडी घातलेली चादर होती. घटाच्या दिवसांत ती गादीवर झोपत नाही.

मी यंत्रासमोर बसलो. आधी माझ्या मोबाइलवर घरातलं इंटरनेट बघितलं, चालत होतं. म्हणजे लाईन ठीक. मग काळ्या खिडकीत आज्ञा देऊन यंत्राकडे किती जोडण्या आहेत ते विचारलं. उत्तरात एकच आली. ही एक जोडणी प्रत्येक कॉम्प्युटरात असते, बाहेर काहीच नसलं तरी. तिच्यातून यंत्र फक्त स्वतःशी बोलतं. लॅबमध्ये मी हे विनोद म्हणून सांगतो, मुलं हसतात. त्या दिवशी त्या एका ओळीकडे बघत मी थोडा वेळ बसून राहिलो. मग खोचलेल्या वस्तू विचारल्या. डोंगल दिसत होतं. तुकडा जागेवर, धडधाकट. मग त्याचा ड्रायव्हर चालू करायची आज्ञा दिली. असा काही प्रोग्रॅम इथं नाही, असं उत्तर आलं.

तेव्हा मला सगळं कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. भाचीनं बसवलेलं मी काढून टाकलं होतं. लाईट गेली, यंत्र नव्या गाभ्यावर उठलं, आणि त्याला त्या तुकड्याची ओळख करून द्यायला कुणी उरलं नव्हतं. मागं जावं तर जुना गाभाही मीच काढलेला.

आक्का माझ्या पाठीमागं उभी होती. फुलं गुंफताना ओले झालेले हात पदराला पुसत तिनं विचारलं, "माझ्याच्यानंच झालं का रे?"

मी मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती माझ्या ओठांकडं बघत होती. मी म्हणालो, "बघू."

आणि थोड्या वेळानं, "तू हात लावू नको आता."

एवढंच. मी खोटं बोललो नाही, असं मी पुढचे दोन दिवस स्वतःला सांगत होतो.

भाचीचा मला मोबाइलवर निरोप होता: मामा, आईला एकदा दाखवा ना, तुमच्या फोनवरून तरी. मी तिला लिहिलं, छोट्या पडद्यावर तिला कळत नाही, कॉम्प्युटर लवकरच दुरुस्त करतो. ते खरं होतं. पण फोन धरून आक्कासमोर बसलो असतो तर निदान डोळे दिसले असते, हात हलवता आला असता. मी तो लावला नाही, कारण भाची विचारणार होती, काय झालं कॉम्प्युटरला? आणि दोन प्रश्नांत तिला कळलं असतं. तिच्यापुढं आपलं काही उघडं पडू नये म्हणून मी तिला तिच्या आईपासून लांब ठेवलं. हे असं मांडून बघितलं की मला स्वतःकडं बघवत नाही.

सोमवारी लॅबमध्ये लागणाऱ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या. त्याच संध्याकाळी जाता आलं असतं. जालना काही लांब नाही, माणसं रोज जाऊन-येऊन करतात. मी खोलीवर गेलो, खिचडी टाकली, भूक नसताना खाल्ली. मंगळवारीही गेलो नाही. प्रॅक्टिकल आहेत, असं मीच मला सांगितलं. आक्कानं पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, हे माझ्याकडं नव्हतं.

बुधवारी गेलो. पेन ड्राइव्ह लावला तर फाइली जुळेनात. गाभ्याचा नेमका आकडा मी रविवारी टिपूनच घेतला नव्हता, भलत्याच आकड्याच्या आणल्या होत्या. इंटरनेट यायला इंटरनेट पाहिजे, अशी गत. मग सुचलं, मोबाइल वायरनं कॉम्प्युटरला जोडला तर त्याचं इंटरनेट यंत्राला देता येतं. चार्जरची वायर जोडली. मोबाइल चार्ज व्हायला लागला, यंत्राला मात्र तो दिसेना. जिना उतरून गल्लीच्या टोकाच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार मोबाइलच्या कव्हरांच्या पुड्यांमागून म्हणाला, "सर, तुमची वायर नुसतं खाऊ घालती. बोलत न्हाई. बोलणारी अलग येती."

"द्या मग बोलणारी."

"काच बी बदलून घ्या, सर. तडा गेलाय पाक."

"वायर द्या हो."

"देतो ना. घाई काय एवढी? घरवाली रागावली का?"

मी पैसे पुढं केले. त्यानं वायर काढून दिली.

बोलणारी वायर लावल्यावर काम सरळ होतं. नव्या गाभ्याला लागणाऱ्या फाइली उतरवल्या, ड्रायव्हर पुन्हा आणला, तो बांधून होईपर्यंत ओळी सरकत राहिल्या. आक्का घटासमोर बसून माझ्याकडं पाठ करून होती, मुद्दाम, मला अडथळा नको म्हणून. यंत्र बंद करून चालू केलं. पंख्यासारखं चित्र उमटलं, फुली नव्हती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

भाची पडद्यावर आली. दवाखान्याच्या उशीवर होती, चेहरा सुजलेला. आक्का खुर्चीवरून पडते की काय एवढी पुढं झाली.

"आई, कुठं गेलतीस तू?"

"कुठं जाती? घट बसल्यात. तू काय खाती तिकडं?"

"इडली. सकाळ, संध्याकाळ."

"चेहरा बी इडलीवानीच झाला मंग."

दोघी हसल्या. मी मागं उभा राहून तो आवाज ऐकत होतो, एकीचा यंत्रातून, एकीचा खोलीतून. मग भाचीनं विचारलं, "मामा, काय झाल्तं हो?"

"अपडेटनं घोळ केला," मी म्हणालो. आक्का पडद्याकडं बघत होती, माझं तोंड तिला दिसत नव्हतं. पण मुलीच्या ओठांवरचा प्रश्न तिनं वाचला होता, आणि उत्तर तिनंच दिलं. "माझाच हात लागला, बाई. मामाला उगं हेलपाटे पडले."

"आई, तुझा हात लईच जड झालाय," भाची चिडवत म्हणाली.

त्या वेळी बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

निघताना मी आक्काला म्हणालो, "यंत्र चालूच राहू दे. आता उगं हात लावू नको. मी शनिवारी, दसऱ्याला येतो, तेव्हा फोन लावून देईन." हे मी का म्हणालो? यंत्र नीट होतं. ती आधीसारखी रोज बोलू शकत होती. पण हात लावू नको म्हणालो की चूक तिच्या हातातच राहते. मी इतका विचार करून म्हणालो होतो असं नाही, पण तोंडातून तेच आलं. तिनं मान हलवली. मी दिलेली सूचना ती नेहमी शब्दशः पाळते, जशी मी लहानपणी तिची पाळायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल चालू होतं, मोबाइल टेबलाच्या खणात होता. बाहेर काढला तेव्हा जावयांचे निरोप होते. मुलगी झाली. तारखेआधी, पण दोघी ठीक. पुढचा निरोप: ही कॉम्प्युटरवर फोन लावते आहे, आई उचलत नाहीत. त्यापुढचा: पुन्हा लावला. मग: वहिनींनी बातमी सांगितली आईंना. आणि मग काही नाही.

मी पेढे घेतले, मिळाली त्या बसमध्ये उभा राहून आलो. दिवेलागण व्हायची होती. आक्का कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसली होती, दोन्ही हात पदराखाली. मला बघून उठली नाही.

"आलास? पोरगी झाली."

"कळलं. फोन का उचलला न्हाईस, आक्का?"

"वाजून राह्यला व्हता. दिसला मला. पोरीचा फोटू आला, खाली ते हिरवं बी आलं." ती पडद्याकडं बघून बोलत होती. "एकदा आला, गेला. मंग पुन्हा आला. तीनदा आला. म्या हितंच बसले व्हते."

"मंग?"

"तू न्हाई म्हनला व्हतास ना हात लावू. म्या लावला असता अन् पुन्हा बंद पडलं असतं, तर लेकराचं तोंड केव्हा दिसलं असतं मला?"

तिनं हात पदराखालून काढले नाहीत. नात जन्मून काही घटका झाल्या होत्या, पडद्यावर तिला दाखवायला आई बोलावत होती, आणि आजी एक हात लांब बसून ते हिरवं वर्तुळ बघत राहिली होती, विझेपर्यंत. तीनदा. मी खाली बसलो. पेढ्यांचा पुडा कुठं ठेवला ते मला आठवत नाही.

फोन मी लावला. भाची आली, थकलेली, आणि तिनं मोबाइल खाली वळवला. कापडात गुंडाळलेलं लाल तोंड दिसलं, मिटलेले डोळे. आक्का पडद्याच्या इतकी जवळ गेली की मला काही दिसेना. मग ती म्हणाली, "नाक आपलंच हाय." शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, त्या डोळे पुसत हसल्या.

"आई, मी किती वाट बघितली ग," भाची म्हणाली. "सगळ्यात आधी तुला दाखवायचं होतं. ह्यांच्या आईला बी थांबवलं मी. का उचलला न्हाईस?"

आक्कानं जे मला सांगितलं ते मुलीला सांगितलं नाही. माझं नाव येईल म्हणून.

मग मी बोललो. पण मान खाली घालून, आक्काच्या खुर्चीच्या मागं, फरशीकडं बघत. मी भाचीला म्हणालो की बिघाड माझ्यामुळं झाला, तू बसवलेलं मी काढून टाकलं होतं. वहिनींनीही ऐकलं. दोघींना कळलं होतं, आणि क्षणभर मला वाटलं, झालं, सांगितलं आपण. पण जिला सांगायचं होतं तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मुलीचा चेहरा बदललेला बघून ती मागं वळली.

"काय म्हनला रे तू? तोंड वर करून बोल की."

मी उठलो, तिच्यासमोर गेलो आणि गुडघ्यांवर बसलो, तिला माझे ओठ सरळ दिसावेत म्हणून. आयुष्यात मी तिची कधी माफी मागितलेली नाही. आमच्यात भाऊ बहिणीला असं म्हणत नाहीत, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन येतात. मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो,

"आक्का, तू काही दाबलं न्हवतंस. तुझा हात कुठंच लागला न्हवता. दसरा काढताना पोरीनं बसवलेलं मीच काढून टाकलं, म्हणून बंद पडलं. रविवारीच कळल्तं मला. तू विचारलंस, अन् मी तुला सांगितलं न्हाई. माझी चूक मी तुझ्या हातावर ढकलली, अन् त्याच्यापायी आज तुला लेकराचं तोंड सगळ्यात आधी बघायला मिळालं न्हाई. चुकलो मी, आक्का. मला माफ कर."